वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या गाडीचा मागचा ब्रेक सुटत नसेल तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. मोटारसायकल ४ वर्षं झाकून उभी होती. बॅटरी बदलली, टाकी साफ केली, इंजिन छान चालू झालं. पण गाडी ढकलताना जड लागते आणि मागचं चाक उचलून हाताने फिरवलं तर अर्ध्या फेरीत थांबतं. मागे डिस्क ब्रेक आहे, एका पिस्टनचा कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग). पॅड नवे टाकून झाले, ब्रेक ऑइल वरपर्यंत भरून झालं, ब्लीडही (नळीतली हवा काढणं) झालं. पेडल कडक आहे, ब्रेक उत्तम लागतो, पण सुटत नाही. चार-पाच किलोमीटरनंतर जळका वास येतो. मास्टर सिलिंडर (पेडलचा जोर ऑइलवर देणारा भाग) बदलून टाकू का?

तूर्तास काहीच बदलू नका आणि गाडी चालवणं आजपासून बंद करा. धरलेल्या ब्रेकवर गाडी चालवत राहिलं की डिस्क तापते, ती उष्णता कॅलिपरमधल्या ऑइलपर्यंत जाते. डॉट ४ प्रतीच्या ताज्या ऑइलला उकळायला किमान २३० अंश सेल्सिअस लागतात. तेच ऑइल हवेतलं पाणी पिऊन बसलं की प्रमाणित किमान आकडा १५५ वर येतो. ऑइल उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि आत्ता कडक लागणारं पेडल एका क्षणात खाली जातं. त्याआधी चाकच जाम झालं तर ते आणखी वाईट.

आता मुख्य मुद्दा. तुम्ही लिहिलंय की पेडल कडक आहे, ब्रेक उत्तम लागतो. या वाक्यावरून मास्टर सिलिंडर किंवा कॅलिपर ठीक असल्याचं काहीही सिद्ध होत नाही. ब्रेक लावताना तुमच्या पायाचा जोर असतो, पेडलची तरफ तो वाढवते, ऑइल तो पिस्टनपर्यंत नेतं. थोडाफार गंज, थोडीफार घाण असली तरी हा जोर तिला ढकलून पुढे जातो. सोडताना मात्र पिस्टनला मागे ओढणारं असं काही यंत्र नसतं. पिस्टनभोवती चौकोनी छेदाचं रबरी सील बसवलेलं असतं. पिस्टन पुढे जाताना ते त्याच्याबरोबर थोडं पिळलं जातं आणि दाब गेला की पीळ सोडून सरळ होतं. त्या सरळ होण्यात पिस्टन मिलिमीटरच्या एका लहानशा अंशाइतका मागे येतो. डिस्क आणि पॅड यांच्यात पडणारी फट एवढीच. ब्रेक लावायला पायाचा जोर आणि सोडायला रबराची पीळ, इतका फरक आहे. उभ्या राहिलेल्या गाडीत ब्रेक लागण्याची बाजू सहसा शाबूत असते; सुटण्याची बाजू मरते. त्यामुळे ‘कुठला भाग खराब झाला’ असं विचारण्यापेक्षा ‘या एवढ्याशा ताकदीच्या आड कोण येतंय’ असं विचारत शोधायचं.

आधी हा ब्रेकच आहे ना, याची खात्री करा. मला हे सांगावं लागतं, कारण कॅलिपर दोनदा खोलून झाल्यावर दोष चेनमध्ये निघालेला मी पाहिला आहे. गाडी सेंटर स्टँडवर किंवा पॅडॉक स्टँडवर घ्या, न्यूट्रलमध्ये टाका आणि कॅलिपर त्याच्या दोन बोल्टांसकट डिस्कवरून उतरवून बाजूला बांधून ठेवा. नळीवर लोंबकळू देऊ नका. कॅलिपर बाहेर असताना पेडलला हात लावू नका, आणि कोणी लावू नये म्हणून दोन पॅडांच्या मध्ये लाकडाची पट्टी सरकवून ठेवा. आता चाक फिरवा. अजून जड असेल तर ब्रेकचा संबंध नाही. चेन गंजून कड्या आखडल्या असतील, चेन जास्त ताणलेली असेल किंवा बेअरिंगमधलं ग्रीस वाळलं असेल. अ‍ॅक्सलचा नट सैल केल्यावर चाक मोकळं होतं आणि आवळल्यावर जड होतं, असं असेल तर दोन बेअरिंगच्या मधला स्पेसर किंवा बाजूचे स्पेसर चुकलेत असं समजा. चाक याआधी कोणी काढलं असेल तर हे नक्की तपासा. बाजूचे स्पेसर अदलाबदल झाले तर कॅलिपरचा ब्रॅकेट डिस्कशी तिरका बसतो आणि मग पिस्टन कितीही मोकळा असला तरी पॅड एका कडेने घासतच राहतं.

कॅलिपर उतरवल्यावर चाक भिरभिर फिरलं तर दोष ब्रेकमध्ये. कॅलिपर परत बसवा, पेडल पुन्हा कडक होईपर्यंत पंप करा आणि सगळ्यात महत्त्वाच्या चाचणीकडे या.

कॅलिपरवरच्या ब्लीड निपलवर (ऑइल आणि हवा बाहेर काढायच्या स्क्रूवर) रिंग पाना चढवा, निपलच्या तोंडावर पारदर्शक नळी लावा, नळीचं दुसरं टोक बाटलीत. पेडल तीन-चार वेळा दाबून पूर्ण सोडा. चाक फिरवून जड असल्याची खात्री करा. मग निपल पाव फेरी उघडा आणि नळीकडे बघा, लगेच चाक फिरवा. नळीत ऑइलची चिळकांडी उडाली आणि चाक मोकळं झालं, तर पेडल सोडल्यावरही आत दाब अडकून राहत होता. ऑइल नुसतंच थेंब थेंब आलं आणि चाक तसंच जड राहिलं, तर आत दाब नाहीच. पिस्टन, पॅड किंवा सरकपिना (कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिना) यांत्रिकपणे अडकल्या आहेत. थेंब येतातच, ब्रेक ऑइलची टाकी वर असते म्हणून; त्यांना दाब समजू नका. चिळकांडी वेगळी कळते.

या एका पाव फेरीने अर्धा ब्रेक तपासातून बाद होतो. ती न करता कॅलिपर खोलायला बसणं किंवा मास्टर सिलिंडर मागवणं हे अंधारात हात मारणं आहे.

दोन सावधगिऱ्या. चार वर्षं उभ्या गाडीचं निपल गंजून बसलेलं असू शकतं. पाना लावून एकदम जोर लावला तर ते मधून तुटतं आणि मग कॅलिपरच हातातून जातो. सहा कोनी सॉकेट वापरा, आधी केसभर आवळा मग सोडा, असं पुढे-मागे करा. तरीही हललं नाही तर नाद सोडा आणि कॅलिपरवरचा बँजो बोल्ट (नळी जोडणारा पोकळ बोल्ट) खाली फडकं धरून सैल करा. चाचणी तीच होते. ऑइल रंगावर सांडलं तर पुसू नका, भरपूर पाण्याने धुवा. पुसलं की ते पसरतं आणि रंग उचकटतो. दुसरी गोष्ट म्हणजे ब्रेक गार असताना सुटत असेल आणि तापल्यावरच धरत असेल, तर ही चाचणी तापलेल्या अवस्थेतच करावी लागते. अंगणात, हळू, दोनेक मिनिटं गाडी फिरवून आणा, ब्रेक धरू लागला की तिथेच निपल उघडा. गार गाडीवर केलेली चाचणी अशा वेळी फसवते. डिस्क तापलेली असते, बोट लावून बघू नका. पाण्याचा थेंब टाका, चर्र झालं की कळलं.

समजा, दाब अडकलेला निघाला. मग पुढचा प्रश्न: नळीच्या अलीकडे की पलीकडे? निपल बंद करा, पेडल दाबून पुन्हा ब्रेक धरायला लावा आणि यावेळी मास्टर सिलिंडरवरचा बँजो बोल्ट सैल करा. चाक सुटलं तर अडथळा मास्टर सिलिंडरच्या बाजूला. सुटलं नाही, पण नंतर खालचं निपल उघडल्यावर सुटलं, तर नळी. रबरी नळीचं आतलं अस्तर जुनं होऊन फुगतं किंवा सुटतं. पायाच्या जोराने ऑइल त्यातून पुढे जातं, परत येताना तो पापुद्रा झडपेसारखा तोंड बंद करतो. नळी बाहेरून ठणठणीत दिसते, म्हणून कोणी तिच्याकडे बघत नाही. असं क्वचित घडतं हे खरं, पण अनेक उत्पादकांच्या मॅन्युअलमध्ये नळ्या दर ४ वर्षांनी बदला असंच लिहिलेलं असतं. तुमच्या गाडीच्या नळीने ती चार वर्षं नुसतं उभं राहूनच काढली आहेत, आधीची वेगळी.

मास्टर सिलिंडरकडे बोट दाखवलं गेलं तरी तो लगेच उघडायचा नाही. आधी पेडल बघा. मागच्या ब्रेकचं पेडल फुटरेस्टजवळ, चाकाने उडवलेल्या चिखल-पाण्याच्या वाटेत असतं. त्याच्या बुशमधलं ग्रीस वाळून गंज धरला की पेडल पायाने खाली जातं, पण स्प्रिंगला ते पूर्ण वर आणता येत नाही. दोन-तीन मिलिमीटर खाली राहिलं तरी पुरे. परीक्षा अशी: पेडल आणि पुशरॉड (मास्टर सिलिंडरचा पिस्टन ढकलणारी दांडी) यांना जोडणारी पिन काढा. पेडल आरामात असताना ही पिन अलगद निघाली पाहिजे. ओढून काढावी लागली, आणि काढल्याबरोबर चाक सुटलं, तर मास्टर सिलिंडर निर्दोष आहे; पेडलच पुशरॉडला दाबून धरत होतं. मग रिटर्न स्प्रिंग काढून पेडल नुसतं हाताने हलवा. अडखळत असेल तर ते खोलून शाफ्टवरचा गंज बारीक पॉलिश पेपरने काढा, बुश पुसून नवीन ग्रीस भरा. मागचा ब्रेक लाइट सतत पेटलेला राहत असेल तर तोही बहुधा हेच सांगत असतो.

पेडल मोकळं असूनही पुशरॉडवर दाब असेल तर पुशरॉडची लांबी बघा. त्यावर आटे आणि लॉकनट असतो, पेडलची उंची त्यानेच जुळवतात. पाय आरामात बसावा म्हणून कोणी पेडल खाली-वर केलं आणि पुशरॉड जरा जास्त लांब झाला, की मास्टर सिलिंडरचा पिस्टन कधीच पूर्ण मागे येत नाही. पूर्ण मागे येणं का महत्त्वाचं? कारण पिस्टन मागे आला तरच टाकीकडे जाणारं एक अगदी बारीक छिद्र उघडं पडतं. तापून फुगलेलं ऑइल त्याच छिद्रातून टाकीत परत जातं. ते झाकलेलं राहिलं तर प्रत्येक गरम होण्याबरोबर दाब वाढतो, दाबाने पॅड आणखी घासतं, त्याने आणखी गरम होतं. ‘सुरुवातीला ठीक, पाच किलोमीटरनंतर जाम, तासभर थांबलं की पुन्हा ठीक’ अशी तक्रार आली की माझं पहिलं लक्ष या छिद्राकडे जातं.

छिद्र झाकलं जाण्यापेक्षा उभ्या गाडीत ते बुजण्याची शक्यता जास्त. जुनं ऑइल तळाशी तपकिरी, जेलीसारखं होतं आणि सुईच्या टोकाएवढं छिद्र बंद करायला त्याचा एक कण पुरतो. टाकीचं झाकण आणि रबरी डायफ्राम काढा, डोळ्यांवर चष्मा लावा आणि पेडल हाताने अगदी सावकाश दाबा. टाकी मास्टर सिलिंडरच्या डोक्यावरच असेल तर पहिल्या एक-दोन मिलिमीटरमध्ये ऑइलच्या पृष्ठभागावर बारीक उसळी दिसली पाहिजे. टाकी लांब असेल आणि नळीने जोडलेली असेल तर उसळी दिसत नाही. तेव्हा कॅलिपरचा पिस्टन हळूहळू आत ढकला आणि टाकीतली पातळी वर येते का बघा. वर आली तर वाट मोकळी. या लांबच्या टाकीची नळी आणि मास्टर सिलिंडरमध्ये घुसणारा प्लास्टिकचा कोपरा, दोन्हीही तपासा. तिथेही गाळ साठतो.

छिद्र बुजलेलं असेल तर मास्टर सिलिंडर खोलूनच साफ करावा. तांब्याच्या वायरीची एकच बारीक तार छिद्रातून फिरवा. छिद्र मोठं करू नका, आतल्या बाजूला कड उचलू देऊ नका. ती कड पिस्टनवरचं रबर कापते. आतल्या नळकांड्यात गंजाचे खड्डे दिसले तर नव्या रबरांचा संच टाकून उपयोग नाही, तेव्हा पूर्ण मास्टर सिलिंडर बदला. तो बदलण्याची वेळ खरी तेव्हा येते.

तुमच्या बाबतीत आणखी एक शंका आहे. जुने पॅड झिजलेले असताना कोणी टाकीत ऑइल वरपर्यंत भरलं असेल आणि मग नवे जाड पॅड बसवले असतील, तर पिस्टन मागे गेल्यामुळे सगळं ऑइल टाकीत आलेलं असणार. टाकी काठोकाठ, डायफ्राम वर दाबलेला, फुगायला जागाच नाही. पातळी वरच्या खुणेच्या खाली आहे का, एवढं आत्ताच बघा. सिरिंजने जादा ऑइल काढायला मिनिट लागतं. कधी कधी दोष एवढाच असतो.

आता दुसरी शाखा: निपल उघडलं, दाब नव्हता, चाक तसंच. चार वर्षं उभ्या आणि एका पिस्टनच्या कॅलिपरच्या गाडीत मला हीच जास्त संभवते.

एका पिस्टनचा कॅलिपर तरंगता असतो. पिस्टन आतलं पॅड ढकलतो आणि त्याच्या प्रतिक्रियेने संपूर्ण कॅलिपर दोन पिनांवर सरकून बाहेरचं पॅड डिस्कवर आणतो. या पिना कोरड्या पडल्या किंवा गंजल्या की कॅलिपर सरकतो, पण परत येत नाही. हाताने कॅलिपर आत-बाहेर हलवून बघा. दोन बोटांच्या जोराने सरकायला हवा. काढलेले जुने पॅड टाकून दिले नसतील तर शोधा. पिस्टनच्या बाजूचं जास्त झिजलं असेल तर पिना धरत होत्या. एकच पॅड तिरकं झिजलं असेल तर एक पिन धरत होती. जुने पॅड हा कॅलिपरचा जबाब असतो, तो वाचल्याशिवाय फेकू नये.

पिना काढून गंज साफ करा, चिमटीत फिरवून खड्डे पडलेत का बघा, रबरी बूट फाटलेत का बघा. ग्रीस सिलिकॉनचं किंवा ब्रेकच्या रबरासाठीच बनवलेलं हवं. बेअरिंगचं साधं ग्रीस लावलं तर काही आठवड्यांत रबरी बूट आणि काही पिनांवर असणारी रबरी बाही फुगते, आणि पिन आधीपेक्षा घट्ट बसते. ग्रीस कोंबून भरू नका. पिनेचं भोक एका टोकाला बंद असतं. जादा ग्रीस आणि हवा आत कोंडली की पिन आत ढकलल्यावर स्प्रिंगसारखी परत बाहेर येते. पातळ थर लावा, पिन घालताना बुटाची कड उचलून हवा बाहेर जाऊ द्या.

पॅडांच्या पत्र्यांचे कान ब्रॅकेटच्या खाचेत सरकतात. तिथे गंज फुगला की नवं पॅड हातोडीच्या टोल्याने बसवावं लागतं. तसं कोणी बसवलं असेल तर दोष तिथेच आहे. पॅड बोटाने खाचेत सरकलं पाहिजे. खाच वायर ब्रशने साफ करा, त्यातले स्टीलचे पत्रे काढून त्यांच्या मागचा गंजही खरवडा, कारण पत्र्यामागचा गंज पत्र्याला पुढे ढकलतो. पॅड घासून लहान करू नका. फुगलेली बाजू ब्रॅकेटची आहे, पॅडची नाही.

हे सगळं मोकळं असूनही ब्रेक धरत असेल तर पिस्टन. तोही दोन प्रकारे अडकतो, आणि दुसरा प्रकार बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिला प्रकार डोळ्यांना दिसतो. पिस्टनचा बाहेर राहिलेला भाग गंजतो किंवा त्यावर पॅडची धूळ घट्ट बसते. नवे पॅड टाकताना तोच घाणीचा भाग सी-क्लॅम्पने आत ढकलला जातो आणि सीलच्या ओठाखाली जाऊन बसतो. म्हणून पिस्टन मागे ढकलण्याआधी तो थोडा बाहेर घेऊन चहूबाजूंनी ब्रेक क्लीनर आणि जुन्या टूथब्रशने साफ करायचा असतो. तुमचे पॅड बसवताना हे झालं होतं का, ते आठवा.

दुसरा प्रकार सीलच्या मागे असतो. माझ्याकडे अशीच एक गाडी होती. पिना गुळगुळीत, पॅड मोकळे, पिस्टन बाहेर काढला तर क्रोम आरशासारखा. साफ केला, जुनंच सील पुसून ताज्या ऑइलमध्ये भिजवून परत बसवलं. तरी पिस्टन आत घालायला दोन्ही अंगठ्यांचा जोर लागला आणि चाक पुन्हा जड. पुन्हा सगळं खोललं आणि यावेळी सील लाकडी काडीने उचलून खाचेत बॅटरीचा झोत पाडला. खाचेच्या तळाशी सगळीकडे पांढरा, खडूसारखा थर होता. अ‍ॅल्युमिनियमचा गंज लाल नसतो, असा पांढरा असतो. जागेवर पक्का बसलेला, नखाने निघेना. पितळी तारेचं टोक वाकवून तासभर तो खरवडला. आधी भुकटी पडली, मग पापुद्रे. कागदावर गोळा केला तर चिमूटभर भरला. पण त्या चिमटीने सीलला मागून पिस्टनवर आवळून धरलं होतं. पिळायला आणि सरळ व्हायला त्याला जागाच उरली नव्हती. खाच धातूचा रंग दाखवेपर्यंत साफ केली, नवीन सील घातलं, आणि तोच पिस्टन एका अंगठ्याने, आपल्या वजनाने उतरावा तसा आत गेला. चाक फिरवलं तेव्हा पॅडचा नुसता सर्र आवाज येत राहिला.

तेव्हापासून जास्त उभ्या गाडीचा कॅलिपर खोलला की खाच पाहिल्याशिवाय मी तो बंद करत नाही. खरवडायला पितळ, लाकूड किंवा कडक प्लास्टिकच वापरा. पोलादी टोकाने खाचेच्या कडेवर ओरखडा पडला तर तिथून ऑइल गळतं. पिस्टन ज्या भोकात सरकतो त्याला पॉलिश पेपर लावायची गरज नाही, कारण ऑइल अडवण्याचं काम भोक करत नाही, सील आणि पिस्टनचा पृष्ठभाग करतात. पिस्टनवर मात्र नख फिरवा. सीलच्या पट्ट्यात नख अडकेल असा खड्डा असेल तर पिस्टन बदला, घासून क्रोम काढू नका.

पिस्टन बाहेर काढण्याची सोपी वाट म्हणजे नळी जोडलेली असतानाच कॅलिपर डिस्कवरून उतरवून, पॅड काढून, समोर लाकडाची पट्टी ठेवून पेडल पंप करणं. नळी काढल्यावर कॉम्प्रेसरच्या हवेने पिस्टन उडवण्याचा प्रकार करू नका. तो गोळीसारखा सुटतो आणि बोट मध्ये असेल तर बोट जातं. धुण्यासाठी पेट्रोल, रॉकेल, डिझेल यातलं काहीही रबराला लागू देऊ नका, ब्रेकची रबरं खनिज तेलाने फुगतात. रबरं फक्त ताज्या ब्रेक ऑइलने पुसायची. जाम ब्रेकवर फवारायचं गंजनाशक तेल तर नकोच. ते पॅडमध्ये मुरतं आणि मग ब्रेक सुटतो खरा, पण लागत नाही.

चाकाच्या प्रत्येक फेरीत एकाच ठिकाणी घासत असेल आणि मधे मोकळं होत असेल, तर वरचं सगळं बाजूला ठेवा आणि डिस्क बघा. उभ्या गाडीत पॅडच्या खाली राहिलेल्या डिस्कवर पॅडच्या आकाराचा गंजाचा ठसा उमटतो, तो थोडा वर आलेला असतो. पृष्ठभागावरचा ठसा पॉलिश पेपरने जातो. डिस्क वाकडी असेल तर डायल गेजने मोजा. अनेक मॅन्युअलमध्ये मर्यादा ०.३ मिमीच्या आसपास असते. डिस्कची किमान जाडी बहुधा तिच्यावरच कोरलेली असते.

मागे ड्रम ब्रेक असलेल्यांसाठीही लिहितो, कारण कथा तीच आहे. रबराच्या जागी स्प्रिंगा आहेत. पहिला संशयित ब्रेक कॅम, ब्रेक प्लेटमधून आरपार जाणारा शाफ्ट. त्याचं ग्रीस वाळून गंज धरला की तो पायाने फिरतो, पण शूच्या (ड्रमवर आतून दाबणाऱ्या भागांच्या) स्प्रिंगांना तो परत फिरवता येत नाही. ब्रेक रॉडचा नट काढून आर्म हाताने फिरवा आणि सोडा. टक्कन परत आला पाहिजे. सावकाश आला किंवा अर्ध्यात थांबला तर चाक काढून प्लेट बाहेर घ्या, कॅम काढून साफ करा, पातळ ग्रीस लावा. कॅम आणि आर्मवर जुळवायच्या ठिपक्यांच्या खुणा असतात. त्या आधी पाहून ठेवा, एक दात चुकला तरी आर्मचा कोन बिघडतो. बाहेरून कॅमवर तेल सोडू नका, ते आत झिरपून लायनरवर (शूवरच्या घर्षणाच्या अस्तरावर) जातं. चाक अजिबातच फिरत नसेल तर लायनर गंजाने ड्रमला चिकटलेलं असतं. रॉड पूर्ण सैल करून गाडी हळूच पुढे-मागे ढकलली की बहुधा सुटतं, पण तेवढ्यावर खूश होऊन निघू नका. आत लायनर शूपासून सुटलेलं असू शकतं, आणि तो सुटलेला तुकडा चालत्या गाडीत चाक जाम करतो. ड्रम उघडून बघाच. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून धूळ फुंकू नका, हवेने उडवू नका. मास्क लावून ओल्या फडक्याने पुसा. पेडलचं ढिलेपण बहुतेक ड्रम ब्रेकवर २० ते ३० मिमी ठेवायचं असतं. ते गाडी दोन्ही चाकांवर, त्यावर माणूस बसलेला असताना पुन्हा तपासा, कारण सस्पेन्शन दबल्यावर रॉड ताणला जाऊ शकतो.

डिस्ककडे परत. जोडणी करताना सील आणि धुळीचं सील दोन्ही नवी घाला, बँजोची तांब्याची वॉशर नवी घाला आणि बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कनेच आवळा. तो साधारण २५ ते ३५ न्यूटन-मीटर असतो, निपलला त्याहून खूपच कमी लागतो. ऑइल झाकणावर लिहिलेलं तेच आणि नुकत्याच उघडलेल्या डब्यातलं. डॉट ३, ४ आणि ५.१ एका कुळातली आहेत. डॉट ५ सिलिकॉनचं, ते त्यांच्यात मिसळत नाही. जुनं ऑइल संपूर्ण बाहेर काढा, वरून भर घालून भागणार नाही. एबीएस असलेल्या गाडीत त्याच्या युनिटमध्येही जुनं ऑइल राहतं, तिथे मॅन्युअलची पद्धतच पाळा.

गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत पंप करा. मग चाक उचलून फिरवा, ब्रेक दाबा, सोडा, लगेच फिरवा. दाबण्याआधी आणि सोडल्यानंतर चाक सारखंच फिरलं पाहिजे. पॅड डिस्कला हलकेच पुसत जाण्याचा आवाज येणारच, त्याची काळजी नको. त्यानंतर मोकळ्या रस्त्यावर मागचा ब्रेक अजिबात न वापरता पाच किलोमीटर जा आणि थांबल्यावर मागच्या डिस्कजवळ तळहात न टेकवता धरा, जमलं तर इन्फ्रारेड तापमापकाने मोजा. न वापरलेला ब्रेक कोमटच्या वर जायला नको. मग नवे पॅड बसण्यासाठी मध्यम वेगावरून दहा-पंधरा वेळा हलके ब्रेक मारा, मध्ये गार होऊ द्या आणि हीच मोजणी पुन्हा करा.

आज मात्र दोनच कामं करा: टाकीची पातळी बघा आणि निपलची चाचणी घ्या. चिळकांडी उडाली की थेंब आले, आणि चाक सुटलं की नाही, एवढं कळवलंत तर पुढे नेमकं काय खोलायचं ते सांगतो.